गजभियेंचं पहिलं वर्ष

गजभिये गेल्याचं मला सीताबर्डीवर, कापडाच्या दुकानात कळलं. त्यांच्या शाळेतले एक शिक्षक शर्टाचं कापड पाहत होते. मला ओळखून म्हणाले, "आमचे गजभिये सर गेले ना सर, दोन हप्ते झाले." हातातलं कापड मी तसंच खाली ठेवलं... त्यांना कुणी 'सर' म्हणतं आहे, हे मात्र त्या क्षणीही ऐकायला बरं वाटलं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा लक्ष्मण गजभिये प्रयोगशाळेत अटेंडंट होते. जबलपूरला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झाले, वडील वारले, आणि शिक्षण तिथंच थांबलं. बारा वर्षांनी ती जुनी गुणपत्रिका घेऊन ते माझ्यापुढे उभे राहिले. पदवी तीन वर्षांची, आणि सकाळच्या वर्गांना बसायची परवानगी प्राचार्यांनी दोनच वर्षांची दिली होती. जबलपूरचं वर्ष धरलं गेलं तर पदवी, नाही तर निवृत्तीपर्यंत बाटल्या धुणं.

विद्यापीठाच्या समितीत सात विद्वान होते. जबलपूरचं पाणी आणि नागपूरचं पाणी एकाच तापमानाला उकळतं का, यावर त्यांनी दोन बैठका आणि बरीच बिस्किटं खर्ची घातली. लेखी विषय मान्य झाले, प्रयोगांचे तास मात्र जुळेनात. हा माणूस वर्षानुवर्षं आमच्या मुलांना प्रयोग मांडून देतो, असं मी लिहून दिलं. उत्तर आलं की अनुभव म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. तरी एक सवलत मिळाली : प्रात्यक्षिकाची एक परीक्षा द्यायची, पास झालात तर थेट दुसऱ्या वर्षात.

परीक्षक बाहेरगावाहून, भर उन्हाळ्यात टाय लावून आले. परीक्षार्थ्याला एक पांढरं सॉल्ट द्यायचं आणि त्यानं ते ओळखायचं, अशी पद्धत. एरवी बाटली काढून माझ्या हातात द्यायचे ते गजभियेच. त्या दिवशी ते बाहेर बाकावर. मी स्वतः पुडी बांधली आणि सॉल्टचं नाव लिहून परीक्षकांकडे दिलं.

गजभियेंनी उत्तर लिहिलं, बेरियम. माझ्या चिठ्ठीत स्ट्रॉन्शियम. परीक्षकांनी लाल फुली मारली.

"काहून सर?" गजभिये मला म्हणाले, परीक्षकांना नाही. "हिरवी जळून राहिली होती. मले जे दिसलं ते लिवलं."

बेरियम ज्योतीत हिरवं जळतं, स्ट्रॉन्शियम लाल. एवढं मलाही येत होतं. मी फळीकडे पाहिलं. दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी, आणि मी घाईत तिरकं झाकण लावलेली बाटली बेरियमची होती. नोकरीच्या दोन वर्षांत मी एकदाही लेबल वाचलं नव्हतं. वाचायला गजभिये होते. परीक्षक पेनाला टोपण लावत होते. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. गप्प बसलो असतो तर कुणालाच कळलं नसतं...

"उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो. "चिठ्ठी चूक आहे. बाटली मी काढली होती."

परीक्षकांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही इथं शिकवता?"

"हो. हे बाटल्या देतात, म्हणून शिकवता येतं."

पुडीत चिमूटभर उरलं होतं. ज्योतीत धरलं, हिरवंगार. फुली खोडून सही झाली. बाहेर आल्यावर गजभिये हळूच म्हणाले, "सर, पुढच्या परीक्षेले मले सांगजा. बाटली मीच काढून देईन."

दोन वर्षांनी ते पदवीधर झाले आणि उमरेडला विज्ञान शिकवायला गेले. माझीही नोकरी टिकली.

हल्ली सकाळी रक्तदाबाची गोळी घेण्याआधी मी पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचतो. परवा बायकोनं विचारलं, "कोणाले ऐकवता जी?" मी नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि मग गोळी घेतली.