टाळीताईची लाल शाईची चिठ्ठी

टाळीताईनं आयुष्यात कुणाला माफ केलं नाही. म्हणून तर माझं तिच्याशी जमलं. मी चौथी शिकलेला माणूस, पण एकदा मनात धरलं की मरेपर्यंत सोडत नाही. ती वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण या बाबतीत चार पावलं पुढं.

घाटकोपरला एका झेरॉक्सच्या दुकानातल्या कोपऱ्यात तिचं टेबल. लोक जुन्या व्हिडिओ कॅसेटींच्या, लग्नाच्या सीड्यांच्या फाइली कुठूनतरी करून आणायचे, आणि त्यात ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं झालेला असायचा. ते ती जुळवून द्यायची. पडद्यावर कुणाचे हात एकमेकांना लागले की ही इकडं टाळी मारायची. तिच्या टाळीबरोबरच स्पीकरमधून आवाज आला तरच मान हलवायची. टाळी नसली तर ओठ बघायची. म्हणायची, "ओठ मिटल्याशिवाय 'प' म्हणता येतो का? म्हणून बघा बाबा." मी म्हणून बघितला. नाही येत.

आधी ती मुलुंडच्या एका दुकानात अकरा वर्षं होती. तिथला मालक कामं नुसती उरकायला लावायचा. एकदा गिऱ्हाईक ओरडत आलं, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईला जमत नाही." त्याच दिवशी ती उठली. तेव्हापासून त्या दुकानात बिघडलेलं काम आलं की बाकीची सगळी बाजूला. जुळवून झालं की पेन ड्राइव्हच्या डबीवर पांढरी चिठ्ठी चिकटवायची आणि लाल शाईनं लिहायची, 'मालकाचं बिघडलेलं, मी जुळवलेलं'. अट एकच. त्याच्या दुकानात जाऊन लावून दाखवायचं.

मी ढोलकीवाला. गोवंडीत आमची गायन पार्टी होती. पार्टीची एकुलती एक व्हिडिओ कॅसेट आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीनं त्याच मालकाकडून फाइल करून आणली आणि जयंतीला हॉलमध्ये लावली. पहिलं गाणं बरं गेलं. शेवटच्या गाण्याला थाप आधी ऐकू यायची आणि माझा हात मागून पडायचा. पोरं हसली. सेक्रेटरी माइकवरून म्हणाला, "बाबा, हात तेव्हाच थकला होता वाटतं!" चाळीस वर्षं या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. खरं सांगतो, घरी गेल्यावर मलाच शंका आली. गाणारा माझा भाऊ कधीच गेलेला. विचारू कुणाला?

पुतण्यानं आवाज मागं सरकवून दिला. शेवट जुळला, तर सुरुवात बिघडली. मग टाळीताईकडं गेलो. तिनं आधी सुरुवात बघितली, मग थेट शेवट.

"चप्पल एका पायाला बसली म्हणून जोडी होत नाही बाबा. नेहमी दोन्ही टोकं बघायची. सुरुवातीला फरक नाही आणि शेवटी दोन सेकंद. म्हणजे आवाज पळतोय. त्याला सरकवायचा नाही, सूर न उतरवता जरा लांबवायचा."

"माझा हात बरोबर होता ना पण?"

तिनं आवाज बंद केला. "टेबलावर वाजवा. त्या हातांकडं बघून."

वाजवलं. माझेच तरणे हात समोर, आणि त्यांच्याबरोबर ही म्हातारी बोटं. मग तिनं लांबवलेला आवाज लावला. हात पडला की थाप, हात पडला की थाप. माझ्या छातीवरचा दगड उतरला. फक्त तिसऱ्या गाण्यात एक थाप खरीच उशिरा पडली होती.

"ही पण घे ओढून पुढं," मी म्हणालो.

"ही तुमची आहे."

"अगं, कुणाला कळतंय?"

चिडली की ती मालवणीवर यायची. "माका कळता मा! खोटा जुळवलंय तर त्या मेल्यात नि माझ्यात फरक काय?"

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी डबी घेतली आणि मुलुंड गाठलं. मालक म्हणाला, "आजोबा, एवढ्याशा फरकानं काय होतंय?" मी त्याच्या काउंटरवर असा ठेका धरला की रस्त्यावरची माणसं आत आली. "एवढ्याशा फरकानं माझ्या हाताचं नाव गेलं. लाव हे!" माणसं पडद्याकडं बघत होती, मालक चिठ्ठीकडं.

मग सेक्रेटरी. तोच हॉल, तीच माणसं गोळा करायला लावली. तिसऱ्या गाण्याला मी उभा राहिलो. "ही एक थाप माझी चुकलेली. बाकी तुम्ही ज्याला हसलात ते त्या दुकानाचं." सेक्रेटरीनं माइकवरून माफी मागितली. मी दिली नाही.

गेल्या वर्षी टाळीताई गेली. झेरॉक्सवाल्यानं शोकसभा ठेवली. मुलुंडचा मालक पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि बोलायलाही उभा राहिला. "फार गुणी बाई. माझ्याच हाताखाली तयार झाली."

मी उठलो. खिशातल्या डबीवरची चिठ्ठी नखानं अलगद सोडवली आणि त्याच्या छातीवर चिकटवली. लाल अक्षरं अजून ठसठशीत होती. तो वाक्य अर्धवट टाकून खाली बसला.

मागून कुणीतरी एकच टाळी मारली. अगदी वेळेवर.