कॅपिटलमधले तीन मेल

मंडळी, महिन्यापूर्वी मी याच ग्रुपवर मिरवलं होतं, की लॉटरीच्या मेलांचा वैताग संपवायला रेगेक्स, म्हणजे मेल गाळणारा नियम, लिहिलाय. विषय सगळा कॅपिटलमध्ये असला की मेल थेट जंकमध्ये.

आज दुपारी भोरहून शबानाचा फोन आला. "अब्बा गेले. तुमची लई वाट बघितली त्यांनी. मेल पण केले होते, मिळाले न्हाईत का?"

तिचे अब्बा म्हणजे आमचे भोरचे शेजारी उस्मानचाचा. जन्मभर तारखात्यात होते. सायबर कॅफेत बसूनही तारेसारखंच इंग्रजीत लिहायचे, मोजके शब्द आणि विषयासकट सगळं कॅपिटल. मला हे चांगलं ठाऊक होतं.

जंक उघडलं. लॉटऱ्यांच्या गर्दीत त्यांचे तीन मेल होते.

"आजारी आहे. भेटून जा."

"वाट बघतोय."

"कामात असशील. राहू दे."

आता भोरला निघालोय. शबानाला काय सांगू?