पासिंगचे टायर

गाडीचं पासिंग कधी करायचं, असं आमच्याकडं कुणालाही विचारलं तर उत्तर एकच यायचं, दसऱ्याच्या आधी. कुठं, तर गेवराईला. महिन्यातून एकदा बीडहून साहेब यायचे आणि मोकळ्या मैदानात ट्रक उभे करून तपासायचे. त्याला आम्ही कॅम्प म्हणायचो. कॅम्प चुकला तर बीडच्या ऑफिसला जायचं. ब्रेक लागतो का, लाईट लागते का, टायरला नक्षी आहे का, गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची आहे का, हे वर्षातून एकदा बघून घेणं म्हणजे पासिंग. त्यात काय अवघड आहे? पण आमची समजूत निराळी होती. पासिंग हे कारखान्यासाठी असतं, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यालाही कारण होतं. दसऱ्याच्या सुमाराला सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटायचा. त्याआधी ऊस वाहतुकीचा करार व्हायचा आणि कराराला पासिंगचा कागद लागायचा. म्हणून दसऱ्याच्या तोंडावर सगळे ट्रकवाले गेवराईला रांग लावायचे. माझा ट्रकही त्यात असायचा. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. तिसरीत मास्तरनं विनाकारण हात उगारला, मी त्या शाळेची पायरी पुन्हा चढलो नाही. पण ट्रक माझ्या नावावर होता, आणि माझ्या नावाची पाटी मी स्वतः रंगवली होती.

आता टायरचं सांगतो. आमची ऊस वाहतूकदारांची एक सोसायटी होती. एका वर्षी बरे दिवस होते, सोसायटीनं ट्रकचे नवे कोरे सहा टायर घेतले. ज्याचे टायर झिजलेत त्याला द्यायचे, असं ठरलं. मग कुणाचे जास्त झिजलेत यावर सभेत भांडण. कुणी म्हणे चिठ्ठी टाका, कुणी म्हणे पाळी लावा. पाळी लावा म्हणणारा मी होतो. चेअरमननं तोड काढली, कुणालाच द्यायचे नाहीत. टायर खताच्या गोदामात ठेवायचे, ज्याला पासिंग करायचं त्यानं कॅम्पच्या दिवशी चढवायचे आणि पास झालं की काढून द्यायचे. सगळ्यांनी मान डोलावली. मी उठलो आणि म्हणालो, "मला त्यातला एकबी नको. माझी गाडी माझ्या टायरवर पास होईल."

"तुला कोण देतंय बे," मागून कुणीतरी म्हणालं. सभा हसली.

त्या दिवसापासून मी त्या टायरांना हात लावला नाही. दरसाल दसऱ्याआधी रिमोल्ड केलेले टायर, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर बसवलेले, विकत घ्यायचो आणि पास व्हायचो. बाकीचे मजेत त्याच सहा टायरांवर पास होत राहिले. टायर कधी जुने झालेच नाहीत. वर्षातून एक दिवस चालणारा टायर झिजणार कसा?

मग ते साल आलं. आधीचा पाऊस कमी होता, त्या साली झालाच नाही. ऊस वाळला, उरला तो जनावरांच्या छावणीत गेला. कारखाना पेटला नाही. करार नाही, तर पासिंग कशाला, असं म्हणून सगळ्यांनी ट्रक दारात लावले. सगळ्यांची पासिंगं संपून गेली आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माझ्याही नाही. आमच्यासारख्या ऊसवाल्यांनाच हे सुचावं.

आमची वस्ती उमापूरकडच्या अंगाला, गावापासून तुटून. मध्ये एक ओढा, ओढ्याला तिरपा उतार, त्यावर सुटा मुरूम. संक्रांतीच्या आतच वस्तीची विहीर आटली. बायका गोदावरीच्या पात्रात झिरे खणायला जायच्या, पण पात्रातली वाळू उचलून नेलेली, खाली नुसता चिखल. एका घागरीला दुपार व्हायची. सगळ्यांचं एकच मागणं, टँकर.

तालुक्याच्या ऑफिसातून निरोप आला. ट्रकवर टाकी बसवून पाणी वाहायचं, पण पासिंग असलेल्याच गाडीनं. आणि आमच्या ओढ्याच्या उतारावर भरली गाडी घालायला बाहेरचा ड्रायव्हर तयार नव्हता. वस्तीत ट्रक दोनच, एक माझा, एक माझ्या चुलत भावाचा. आमच्यातला एक जरी पास झाला तर वस्तीला पाणी, नाहीतर वस्ती उठणार. हिशोब सरळ होता.

चुलत भाऊ माझ्याहून लहान. तोंडाचा फटकळ, पण मला दादा म्हणायचा. कॅम्पच्या आदल्या सांजेला माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"दादा, तुझे टायर गोटा झालेत. नख लावायला बी नक्षी न्हाई."

"कारखाना पेटला न्हाई तर रिमोल्ड कुठून आणू?"

"सोसायटीचे हायेत की."

"ते मी लावीत न्हाई."

"टायर गाडीला लावायचेत, तुझ्या पायात न्हाई घालायचे." तो हसला. "तू ताठच राहा. मी पास करून आणतो. मग माझ्या टाकीचं पाणी पिशील का तेबी न्हाई?"

"पिईन. पाण्याचं काय."

"बरं झालं बाबा, तेवढं तरी पितोस."

सकाळी मैदानात सगळे जमले. मैदानामागं लिंबाखाली गेवराईचा मिस्त्री जॅक लावून बसलेला. माझ्याच वयाचा, ट्रक घेतला तेव्हापासून माझ्या गाडीला हात लावणारा. सोसायटीचे सहा टायर तिथं होते. एक ट्रक पास झाला की मागं यायचा, टायर उतरायचे, दुसऱ्याला चढायचे. मिस्त्रीचा बनियन घामानं अंगाला चिकटला होता.

"भाऊ, जिद छोड," तो मला म्हणाला. "तुझी गाडी इथं घे. अर्ध्या तासात चढवून देतो. कुणाला कळनार न्हाई."

"मला कळंल ना."

"तुला कळून काय व्हतंय? पाणी तुला लागतंय का न्हाई?"

मी ट्रक रांगेत घातला.

चुलत भाऊ माझ्या पुढं होता. साहेबांनी भोंगा ऐकला, ब्रेक दाबायला लावला, टायरवर बूट मारला. पास. मग माझ्याकडं आले. पुढच्या टायरवरून हात फिरवला आणि हात तिथंच ठेवला.

"बाबा, हे काय आहे?"

"टायर हाय साहेब."

"यावर काही दिसतंय का तुम्हाला?"

"दिसत न्हाई. घासून गेलं."

"मग? इतरांनी टाकलेच ना? सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेले दिसतात."

रांगेतला प्रत्येक माणूस माझ्याकडं बघायला लागला. चेअरमन तिथंच छत्री घेऊन उभा होता, त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. मी एक शब्द बोललो असतो तर त्या दिवशी पास झालेल्या सगळ्या गाड्या लिंबाखाली धरल्या गेल्या असत्या, आणि तालुक्यातल्या निम्म्या गावांचं पाणी तिथंच थांबलं असतं. मी बोललो नाही. आज कुणी विचारलं तरी हेच सांगेन, मी बोललो नाही ते बरोबर केलं.

"टायर टाका आणि पुढच्या कॅम्पला या," साहेब म्हणाले. "तेवढी सवड नसेल तर बीडला ऑफिसला या. रोज उघडं असतं."

ते खरं बोलत होते. त्यांची काही चूक नव्हती.

चुलत भावानं लिंबाखाली सोसायटीचे टायर उतरवले आणि स्वतःचे पुन्हा चढवले. त्याचे माझ्याइतकेच गोटा होते, एका टायरच्या बाजूला तर आतले दोरे दिसत होते. मिस्त्री बोल्ट आवळता आवळता म्हणाला, "हा पुढं नको घालू, मागं घाल." त्यानं ऐकलं का नाही ते मी पाहिलं नाही. मी तोवर निघालो होतो.

वस्तीला पाणी आलं. पहिल्या दिवशी पोरं टाकीमागं ओढ्यापर्यंत पळत गेली. चुलत भावाची आई, म्हणजे माझी चुलती, दारात उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची, माझ्या लेकानं आणलं. माझ्या बायकोनं घागरी भरल्या. मीही प्यालो. संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर यायचा आणि विचारायचा, "गोड हाय का दादा?" मी म्हणायचो, "मचूळ हाय." तो म्हणायचा, "तुझ्या तोंडालाच चव न्हाई."

असं काही दिवस चाललं. ऊन वाढत गेलं, रस्त्यावर पाय ठरेना.

एका दुपारी मी ओट्यावर होतो. ट्रकचा आवाज ओढ्याच्या पलीकडं आला तशा बायका घागरी घेऊन निघाल्या, रोजच्यासारख्या. मग फटका वाजावा तसा आवाज झाला. त्यानंतर लोखंड घासत गेल्याचा. मी पळालो तेव्हा ट्रक ओढ्यात ड्रायव्हरच्या बाजूवर पडला होता. पुढचा टायर फाटून रिंगला लोंबत होता. टाकी सुटून दगडावर आपटली होती आणि तिच्या फुटल्या बाजूनं पाणी वाहत होतं.

बायका पाण्याला लागल्या होत्या. घागरी, हंडे, एकीनं तर लुगड्याचा पदर भिजवून हंड्यात पिळला. कोरड्या ओढ्यात पाणी मुरायला वेळ लागत नाही. माझी बायकोही त्यांच्यात होती. मी ओरडलो तेव्हा तिनं वर पाहिलं, पण हातातली घागर भरेपर्यंत ठेवली नाही. मी तिला त्यावरून कधी बोललो नाही. केबिनमध्ये माणूस आहे हे त्यांना माहीत होतं. पाणी जातंय हेही माहीत होतं.

मी पुढच्या फुटक्या काचेतून हात घातला. स्टेअरिंग त्याच्या छातीवर होतं.

"दादा," तो म्हणाला, "टाकी फुटली का?"

"फुटली."

"सगळं गेलं?"

"बायका भरायल्यात."

"भरू दे," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "आईला इकडं येऊ देऊ नको."

पण ती आली होती. माझ्या मागंच उभी होती, हातात रिकामा हंडा घेऊन. तिनं तो खाली ठेवला आणि ओढ्याच्या मातीत बसली.

ट्रक उचलायला आमच्याकडं काही नव्हतं. नदीतली वाळू काढणाऱ्यांचं मशीन आलं, दवाखान्याची गाडी त्याच्याही मागून. तोवर तो बोलायचा थांबला होता.

तेरावं होईपर्यंत वस्तीनं दम धरला. मी माझ्या ट्रकवर टाकी चढवली आणि पाणी भरायच्या ठिकाणी गेलो. तिथल्या माणसानं कागद मागितला.

"पासिंग न्हाई," मी सांगितलं.

"मग वॉल्व उघडत न्हाई बाबा."

"माझ्या भावाला व्हतं पासिंग. मेला तो."

"ऐकलंय मी. लई वाईट झालं," तो म्हणाला. "पर उघडत न्हाई."

मी त्याच्यासमोर बसून राहिलो. तो भला माणूस होता, त्यानं मला चहा पाजला. वॉल्व उघडला नाही. मी रिकामी टाकी घेऊन परत आलो. आवाज ऐकून बायका निघाल्या होत्या, टाकीचा पोकळ खणखणाट ऐकून अर्ध्यातनं मागं फिरल्या.

त्यानंतर वस्ती उठायला लागली. कुणी लेकीकडं, कुणी पुण्याकडं बांधकामावर, कुणी जनावरांसकट छावणीत. माझ्या बायकोला मी तिच्या माहेरी पाठवलं. चेअरमन माझ्याकडं आला. ओट्यावर बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "सोसायटीचे टायर घेऊन जा. पास हो, आणि तुझ्याच गाडीला राहू दे. कुणी मागणार न्हाई आता."

"आता कशाला?" मी म्हणालो. "पाळी लावा म्हणत होतो तवा दिले असते तर ते झिजले असते. कुणाच्या तरी गाडीखाली झिजले असते."

तो गेला. मी छावणीत ठेवलेली माझी बैलजोडी विकली आणि टायर घेतले. रिमोल्ड नाही, कोरे. कॅम्पची वाट न बघता बीडला गेलो. ऑफिसच्या आवारात तेच साहेब होते. त्यांनी टायर पाहिले, मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. सकाळी गेलो, दुपारच्या आत पास होऊन बाहेर आलो. एवढंच काम होतं.

भरली टाकी घेऊन ओढा उतरलो. ब्रेकवर पाय ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. उतार गाडीनं झेलला. वर चढून वस्तीत उभा राहिलो आणि भोंगा वाजवला. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवला. कुलपं होती सगळीकडं.

मग चुलती आली. ती तेवढी गेली नव्हती, लेकाची माती इथं आहे म्हणाली होती. हंडा कमरेवर होता. टाकीच्या नळाकडं न जाता ती आधी पुढच्या टायरपाशी गेली, वाकली आणि त्यावरून हात फिरवला. नक्षीच्या खाचांत बोटं घातली.

"हे सोसायटीचे का?"

"न्हाई काकू. माझे हायेत."

ती सरळ झाली आणि नळाकडं आली. हंडा नळाखाली धरला. मी नळ उघडला. हंडा भरला तशी तिनं पदर डोक्यावर घेतला आणि मला म्हणाली, "बंद कर. बाकीचं काय करायचं ते तू बघ."

मी ट्रकमध्ये बसलो. बाकीचं पाणी परत नेलं तरी भरायच्या ठिकाणी कुणी घेत नव्हतं. मी विहिरीच्या काठाला गाडी लावली आणि सगळी टाकी आत सोडली. तळाला पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.