केळीच्या बागेतली पट्टी

ऑक्टोबरात आमच्या कांदेबागेची, म्हणजे केळीच्या हिवाळी बागेची, लागवड सुरू झाली. मजूर ओळी आखायला दोरी घेऊन उभे होते. नाना, म्हणजे माझे वडील, बांधावरून ओरडले, "तेवढी पट्टी सोडा रे. पोराले लागते."

पोरगा म्हणजे मी. तिशी ओलांडलेला, कमरेला पट्टा बांधलेला, बुटाची नाडी बांधायलाही खुर्ची शोधणारा. मजुरांनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीकडे पाहिलं.

यावलकडे माणूस केळीसाठी बांधसुद्धा कोरून घेतो. तिथे नानांनी चांगली काळी जमीन मला चेंडू टाकायला मोकळी सोडली होती, तीही बागेच्या मधोमध. गावात मैदान नव्हतं आणि शाळेच्या वयात मी भिंतीवर चेंडू आपटून सगळ्या गल्लीचं डोकं उठवत होतो, एवढंच निमित्त. शेजारच्या शेतातले भाऊ जाता-येता विचारायचे, "नाना, इमान कधी उतरतं?" विमानाची धावपट्टीच म्हणायचे ते तिला. नाना हसून सोडून द्यायचे आणि पाणी मारलेली जमीन धुमसानं ठोकत बसायचे.

पट्टी आखली ती लागवडीच्या दोरीनं. त्या दोरीला दर पाच फुटांवर गाठ असते, गाठीला रोप लावायचं. खेळपट्टी सहासष्ट फुटांची असते असं कुणी मास्तरांनी सांगितलं. सहासष्ट फूट कुठल्याच गाठीवर येईनात. अर्धवट जागेवर खुंटी ठोकणं नानांच्या हाताला जमेना, म्हणून त्यांनी पुढची गाठ धरली. चार फूट जास्त. मी लहानपणभर त्या लांब पट्टीवर चेंडू टाकला, आणि स्टंपांच्या मागे, पार विहिरीजवळ, नाना गोणपाट पसरून चेंडू अडवायला उभे राहायचे. चेंडू जोरात येतो म्हणून इतकं लांब उभं राहावं लागतं, हे ते भेटेल त्याला सांगत.

पुढे धुळ्याला, देवपुरात, निवड चाचणी झाली. मी घरच्याच अंदाजानं चेंडू टाकत होतो, पण तिथली खेळपट्टी मापाची. घरी जो चेंडू फलंदाजाच्या पुढ्यात पडायचा, तो इथे थेट त्याच्या पायाच्या बोटांवर जाऊन आदळायला लागला. बाहेर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "बठ्ठा बॉल पायवरच टाकी ऱ्हायना हाऊ पोऱ्या." निवडणाऱ्यांना वाटलं, एवढ्याशा वयात हा सगळेच चेंडू मुद्दाम पायाशी, म्हणजे यॉर्कर, टाकतो. माझी निवड झाली. माझ्या सगळ्या कारकिर्दीचा पाया नानांची ती चुकीची खुंटी होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

राज्याच्या संघात काही वर्षं खेळलो. नाव झालं असं म्हणवत नाही, पण जळगावच्या स्टँडवर दोन-चार लोक ओळखायचे. मग पाठीच्या मणक्याला चीर गेली. ती भरली, पुन्हा गेली. शेवटच्या सामन्यात मी धावत आलो, चेंडू टाकला, आणि पुढच्या चेंडूआधी आमचा यष्टिरक्षक शांतपणे चालत येऊन स्टंपांना चिकटून उभा राहिला. फिरकीवाल्याच्या हळू चेंडूला राहतात तसा. वेगवान गोलंदाजाला तोंडानं दिलेली कुठलीही शिवी परवडली. मला मैदानातून पळून जावंसं वाटलं.

नाना तो सामना मोबाईलवर पाहत होते. संध्याकाळी त्यांनी पारावर सांगितलं, "किपर एकदम जवय येऊन उभा राह्यला. पोराचा मान हाये तो." दुसऱ्या दिवशी गावातले तिघे मला फोनवर हेच सांगून हसले. नानांचा गैरसमज मी तसाच राहू दिला.

संघातून नाव गेलं, तेव्हा मात्र मी घरी येऊन सरळ सांगितलं की आता चेंडू टाकणं होणार नाही. नाना म्हणाले, "डॉक्टर काय बी सांगतात." आणि पट्टी राहिली. गेल्या मे महिन्यात वादळ आलं. त्या मोकळ्या जागेतून वारा आत घुसला आणि आमच्या दोन्ही बाजूंच्या ओळी झोपवून पलीकडे भाऊंच्या बागेत गेला. घड लागलेली त्यांची केळी आडवी पडली. विमानाची चौकशी करणारे भाऊ त्या दिवशी थट्टा करेनात. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नानाले मी कसा सांगू? तूच सांग." त्यांच्या आडव्या झाडांमधून चालताना मला मान वर करवत नव्हती.

म्हणून लागवडीच्या दिवशी मजुरांसमोरच म्हणालो, "नाना, मले नाही लागत पट्टी. केयी लावा."

"तुले काय कयतं?" नाना म्हणाले. मग बांधावरून उतरत म्हणाले, "एक बॉल टाक. मंग पाहू."

गोणपाट घेऊन ते विहिरीजवळ, त्यांच्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले. मजूर बांधावर बसले. मी पट्टा घट्ट केला, धावत आलो आणि होता नव्हता तो जोर लावला. कमरेतून कळ टाचेपर्यंत गेली. चेंडू पडला, दोन टप्पे घेतले आणि नानांच्या खूप अलीकडे थांबला.

नाना तिथूनच चेंडूकडे पाहत राहिले. मग चालत आले, चेंडू उचलला आणि माझ्याकडे फेकला. विहिरीकडे परत गेले नाहीत. गोणपाट घेऊन स्टंपांच्या अगदी मागे, हात लागेल इतके जवळ उभे राहिले.

"टाक," म्हणाले.

मला हात उचलवेना.

"त्या दिवशी किपर याच्यासाठीच पुढे आला व्हता ना?"

मी हो म्हणालो.

त्यांनी गोणपाटाची घडी केली, मजुरांकडून दोरी मागवली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं टोक घेऊन ते त्यांच्या जुन्या खुंटीपर्यंत गेले. रोपं लावायला वाकावं लागतं आणि ते मला जमत नव्हतं. तेव्हा पट्टीवर गाठीगाठीला नानाच वाकत गेले, आणि मी दोरी धरून उभा राहिलो.