‘अनप्रेसिडेंटेड’ आणि परात

कुणी कशाला ‘अनप्रेसिडेंटेड’ म्हटलं की अजून माझे कान टवकारतात. हा शब्द माझ्या घरावरून गेलेला आहे.

मुळशीला धरण बांधत होते तेव्हा गावात इंग्रजी येणारा मी एकटा. पुण्यात इंग्रजी पाच इयत्ता शिकून आलेलो, घमेंड भरपूर. एक दिवस मोजणीच्या साहेबानं आमच्या अंगणाच्या खालच्या अंगाला खुंटी ठोकली आणि सांगितलं, पाणी इथवरच येईल, घराला धोका नाही. जाताना एक छापील कागद दिला. त्यात धरणाला तीनदा हा शब्द लावला होता.

“म्हंजी काय रं?” आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

“पूर्वी कधीच कुणी केलं नाही असं.”

“मंग पानी कुटवर येतं, त्ये ह्याला कुनी सांगितलं?”

मला हसू आलं. कौतुकाच्या शब्दावरसुद्धा संशय!

दुसऱ्या दिवशी आबांनी उंबऱ्यावर परात ठेवून पाण्यानं काठोकाठ भरली. मग जमिनीवर पालथं पडून पाण्याच्या सपाटीवरून धरणाच्या भिंतीकडे नजर लावली. भाताची खाचरं सपाट करण्यात त्यांचा जन्म गेला होता. “भिंतीचा माथा आपल्या उंबऱ्याच्या वर हाय, पानी तितकं चढंल,” ते म्हणाले. “घर उतरवू.”

खुंटीच्या खालच्या घरांतले लोक वासे, तुळया, दारं काढून डोंगरावर नेतच होते. मी अडून बसलो. “आबा, एवढी विद्या असलेली माणसं खुंटी चुकवतील? आणि तुम्ही परातीचं ऐकता?” शिकलेल्या मुलाचं ऐकून त्यांनी परात आत नेऊन ठेवली. त्यांना पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी मला जिंकल्यासारखं वाटलं.

श्रावणात पाणी खुंटीवरून गेलं आणि दुपारपर्यंत उंबऱ्याला लागलं. आईनं देव पदरात घेतले, आम्ही बियाण्याचं भात डोक्यावर. वासे काढायला सवडच मिळाली नाही. आठ दिवसांत भिंती विरघळल्या आणि आजोबांनी घातलेलं छपराचं सागाचं आढं वाहून गेलं.

आबा शिव्या देतील म्हणून मी वाट बघत होतो. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला नवं घर आखलं. आबांनी उंबऱ्याच्या जागी तीच परात ठेवली, भरली आणि बाजूला सरकले.

“ये,” ते म्हणाले. “आता तू बघून सांग.”

मी पालथा पडलो. डोळे भरून आले होते, पलीकडचं काहीच दिसेना.