चाकापुढचा दगड

कॉलेजात आम्ही बनवलेल्या विजेच्या छोट्या गाडीचे ब्रेक तपासायला यवतमाळबाहेरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात जायचो. कापूस येणं थांबलं होतं, त्यामुळे आवार रिकामंच असायचं. तिथल्या चौकीदारकाकांचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. जिनिंग पुन्हा सुरू होईल का, हेही नाही.

ड्रम ब्रेक, डिस्क ब्रेक, मग ब्रेकऐवजी नुसती मोटर, असं आळीपाळीने गाडी थांबवून कशाने लवकर थांबते ते आम्ही बघायचो. उन्हात जीव कंटाळायचा. गाडी थांबली की काका कण्हत खाटेवरून उठायचे आणि चाकापुढे एक गुळगुळीत दगड लावायचे, पूर्वी रांगेतल्या कापसाच्या बैलगाड्यांना लावायचे तसाच.

"काका, कायले उठता? ब्रेक हायेत ना."

"असू दे बापू. गाडी उभी राह्यली का हात आपसूक दगडाकडे जाते."

शेवटी डिस्क ब्रेक ठरला. आम्ही गाडी टेम्पोत चढवली. काकांनी दगड उचलला, फाटकापाशी नेला, रांगेतली पहिली बैलगाडी जिथे थांबायची तिथे नीट ठेवला आणि परत येऊन खाटेवर आडवे झाले.