रुमालाखालचा सौदा

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. चिंचवडला मोटारींचे पाटे बनवणारा कारखाना निघाला आणि मी तिथे भट्टीवर लागलो. पाटे म्हणजे गाडीखाली धक्के सोसणाऱ्या पोलादी कमानी. त्याआधी मी चाकणच्या बाजारात बैलांची दलाली करत होतो. बाप लवकर गेला, शाळा सुटली. जे शिकलो ते त्या बाजारात. तिथे सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, बाकी बाजाराला पत्ता नाही. त्यात चोरी नसते. चारचौघांत भाव बोलला की माणूस मागे सरायला लाजतो आणि सौदा मोडतो. हे मला आजही खरं वाटतं.

भट्टीवर आम्ही पाच जण होतो. एकाने तापलेला पाटा लांब सांडशीने ओढायचा, दुसऱ्याने साच्यावर धरायचा, दोघांनी दाबून वाकवायचा, पाचव्याने गार करायला तेलात सोडायचा. भट्टीच्या तोंडाशी फार वेळ कुणी टिकत नसे, म्हणून आम्ही आपसांत जागा बदलायचो. कुणाला सांगावं लागत नसे. आमच्यातला थोरला पुनावळ्याचा होता. त्याचे डोळे अधू होत चालले होते, त्याला आम्ही गुपचूप तेलाकडे ठेवायचो.

मग नवे साहेब आले. प्रत्येकाची जागा कायमची, आणि ज्याच्या जागी काम तुंबेल त्याला काढायचं, असं त्यांनी ठरवलं. सगळ्यात जुना म्हणून थोरल्याला भट्टीचं तोंड दिलं. तो आठवडाभरही टिकला नसता.

बोलायला मी गेलो. चौघं सोबत निघाले होते. त्यांना मीच बाहेर थांबवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. साहेबांनी खुर्ची दिली, बसलो. चहा दिला, प्यालो. उभा माणूस घाईतला दिसतो, आणि घाईतल्याला कुणीही भाव पाडून मागतो. साहेबांनी आवाज चढवला, मीही चढवला, टेबलावर हात आपटला. शेवटी ठरलं, जागा आमच्या आम्ही बदलायच्या, काम पाचांचं मिळून धरायचं, कमी पडलं तर बोलणीही पाचांनी खायची. लोकांसमोर साहेब एवढे कधीच नमले नसते.

बाहेर येऊन सगळं सांगितलं. थोरल्याने विचारलं, "आन तुला काय मिळालं?"

"मला काय मिळायचंय?"

"मग दार कशापायी लावलं? आमी काय परके हाय?"

मराठवाड्याकडचा एक जण हसला. "दलाल माणूस हाय राव. दोन्हीकडून घेतल्याबिगर उठतोय व्हय?"

माझं डोकं फिरलं. ज्याच्यासाठी भांडलो त्यानेच हे विचारावं? बाजारातली रीत समजावता आली असती. नाही समजावली. साहेबांना जाऊन विचारा, म्हणालो. कुणी गेलं नाही.

काम पूर्वीसारखं चालू राहिलं. फक्त भट्टीच्या तोंडाशी मी असलो की माझी जागा घ्यायला कुणी आपणहून येईना. हाक मारावी लागे. जेवताना मी जवळ बसलो की गप्पा एकदम पिकापाण्यावर यायच्या. काही महिने सोसलं आणि बदली मागून घेतली. कोपऱ्यातलं भोकं पाडायचं यंत्र मिळालं. एकट्याचं काम, तोंड भिंतीकडे. बघा, हेच आत ठरलं होतं, असं भट्टीवर बोललं गेल्याचं माझ्या कानावर आलं.

थोरला त्यानंतरही काही वर्षं तेलाकडे उभा राहिला. त्याच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी तो चाचपडत माझ्या यंत्रापाशी आला.

"कुनाला सांगायचा न्हाई मी," तो म्हणाला. "त्या दिशी आत काय ठरलं हुतं, येवढं सांग."

"बाहेर सांगितलं तेवढंच."

"बरं," तो म्हणाला. त्याला पटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मग न्यायला आलेला त्याचा मुलगा त्याला हाताला धरून घेऊन गेला. मी यंत्र बंद केलं नव्हतं. पुढचा पाटा उचलला.